अब्रू सांभाळावी की होडी? चेसापीकमध्ये उतरणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

मेरीलँडमध्ये घर झालं, थोरली कॉलेजला गेली, मराठी मंडळाचं अध्यक्षपदही एकदा भोगून झालं, की माणसाला होडी घ्यावीशी वाटू लागते. यावर औषध नाही. घेऊ नका म्हणणाऱ्याला मत्सर होतोय असं समजलं जातं, म्हणून आम्ही तसं म्हणणार नाही. घेतल्यावर काय करायचं, एवढंच इथे सांगितलं आहे. होडी म्हणजे अठरा-वीस फुटी, पेट्रोलच्या इंजिनाची, ट्रेलरवर घालून गाडीमागे नेता येईल अशी. पाणी म्हणजे अ‍ॅनापोलिसच्या आसपासचं, सेव्हर्न नदी चेसापीकच्या उपसागराला मिळते तिथलं. याहून मोठी बोट घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहून उपयोग नसतो. ते वाचत नाहीत.

नवशिक्याची समजूत असते की आपल्याला पाण्याची भीती वाटेल. ती फारशी वाटत नाही. आड येते ती लाज. जॅकेट घातलं तर बावळट दिसू, मदत मागितली तर हसं होईल, पाहुणे जमल्यावर बेत रद्द केला तर काय म्हणतील: होडीवरच्या बऱ्याच फजित्या आणि काही अपघात इथूनच सुरू होतात. तेव्हा विम्याचे कागद भरण्याआधी लाज घरी ठेवून येण्याची सवय करा. होडीत तशीही वजनाला मर्यादा असते.

कागदपत्रं आणि नाव

मेरीलँडचा कायदा असा: ज्याचा जन्म १ जुलै १९७२ला किंवा त्यानंतर झाला, त्याच्याकडे नोंदणीकृत होडी चालवताना बोटिंग सेफ्टीचं प्रमाणपत्र हवं. त्याआधी जन्मलेल्यांना माफी. बहात्तरच्या दुष्काळाआधी जन्माला आलेल्या आपल्याकडच्या माणसाला पाण्यातलं सगळं उपजत कळतं, असं या राज्याचं मत दिसतं. त्यावर विसंबू नका. तुम्ही एकाहत्तरचे असलात तरी कोर्स करा. घरातल्या आणखी एका माणसालाही करायला लावा. कॅप्टनच पाण्यात पडला तर होडी वळवून त्याला उचलायला मागे कुणीतरी जाणतं उरायला हवं, आणि पाहुणे ते काम हौसेने पण चुकीचं करतात.

होडी बघायला गेल्यावर विक्रेत्याला कान्होजी आंग्र्यांचा इतिहास सांगू नये. किंमत उतरत नाही. शिवाय अ‍ॅनापोलिसमध्ये १८४५पासून अमेरिकेची नेव्हल अकॅडमी आहे. समुद्रावर राज्य केलेल्या पूर्वजांचे वंशज त्याने पुष्कळ पाहिलेले असतात.

नाव ठेवताना मात्र विचार करा. लोक ‘श्रीगजाननकृपा’ ठेवतात, मागच्या फळीवर रोमन लिपीत सोनेरी अक्षरांत रंगवून घेतात, पूजा करतात, नारळ फोडतात. मग रेडिओची पद्धत वाचतात. जिवावरचं संकट आलं की व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६वर ‘मेडे’ तीनदा म्हणायचं, मग होडीचं नाव तीनदा, मग पुन्हा एकदा मेडे आणि नाव, आणि मग कुठे आहात, काय झालंय, होडीत किती माणसं आहेत ते. पलीकडे कोस्ट गार्डचा विशीतला मुलगा बसलेला असतो. तो ‘पुन्हा सांगा’ म्हणणार. मग तुम्ही सिएरा, होटेल, रोमिओ, इंडिया, गोल्फ, अल्फा करत अक्षरं फोडणार, आणि पाणी घोट्यापर्यंत आलेलं. गजाननाची कृपा असली तरी वेळ हा लागतोच. ‘उमा’ ठेवा.

‘पण फोन आहे ना खिशात,’ असं प्रत्येक जण म्हणतो. फोन एका माणसाला लागतो, तोही रेंज असली तर, आणि कोरडा असला तर. व्हीएचएफवर तुम्ही बोललेलं आसपासची रेडिओ लावलेली प्रत्येक होडी ऐकते, आणि त्यातली एखादी कोस्ट गार्डपेक्षा जवळ असते. नेमकी हीच गोष्ट नवशिक्याला नको असते, कारण सगळे ऐकतात. ऐकू द्या. इंजिन नुसतं बंद पडलंय, जिवाला धोका नाही, तर मेडे म्हणू नका. टो करून आणणाऱ्या कंपनीचं वार्षिक सदस्यत्व आधीच घेतलेलं असलं म्हणजे तिला बोलवा आणि डबा उघडून बसा. आणि ‘हॅलो, माझा आवाज येतोय का’ हे चॅनल १६वर विचारत बसू नये. येतो. सगळ्यांना येतो.

माणसं किती

वीस फुटांच्या आतल्या होडीत सुकाणूच्या आसपास एक छोटी पाटी ठोकलेली असते. किती माणसं, किती पौंड वजन, किती ताकदीचं इंजिन. ही पाटी वाचून आपल्या माणसांना पहिल्यांदा हसू येतं.

‘सहाच? अहो, सरकून बसलं तर नऊ आरामात.’

‘नऊ कसे?’

‘मुलं मांडीवर.’

मांडीवरच्या मुलाचं वजन होडीला वेगळं लागतंच. पाटीवरच्या एकूण पौंडांत इंजिन, सामान आणि कूलरही धरलेला असतो, आणि मराठी कूलरात बर्फाखाली श्रीखंडाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, लोणच्याची बरणी आणि ‘असू दे म्हणून’ घेतलेलं एक कलिंगड असतं. शिवाय डॉल्फिन किंवा नेव्हल अकॅडमीचा घुमट दिसला की सगळे एकाच बाजूला उठून उभे राहतात. लहान होडी उलटायला लाट लागतेच असं नाही, कौतुक पुरतं. म्हणून बसायच्या जागा नेमून द्या, फोटो बसूनच काढायचे असं निघण्यापूर्वी सांगा, आणि उरलेल्यांना दुसऱ्या फेरीत घ्या. दुसऱ्या फेरीत कोण, हा प्रश्न मात्र कोस्ट गार्डच्या कक्षेत येत नाही. तो तुमच्या सासरचा आहे.

लाइफ जॅकेट माणशी एक, अंगाला बसेल असं, हाताशी. सोळा फूट किंवा त्याहून लांब होडीत शिवाय पाण्यात फेकता येईल असं एक तरंगतं साधन. मेरीलँडमध्ये एकवीस फुटांच्या आतली होडी चालू असताना तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच असलं पाहिजे. मोठ्यांवर घालण्याची सक्ती नाही, आणि इथेच लाज पुन्हा होडीत चढते. जॅकेटं असतात, पण सीटखाली, दुकानाच्या प्लास्टिकमध्ये, पावतीसकट, म्हणजे न आवडल्यास परत करता येतील. पाण्यावर गस्त घालणाऱ्या नॅचरल रिसोर्सेस पोलिसाला पिशवीतली जॅकेटं चालत नाहीत. पाण्यालाही नाहीत. कोस्ट गार्डच्या वार्षिक अहवालांत दर वर्षी तेच दिसतं: बुडून गेलेल्यांपैकी ज्यांची नोंद मिळते, त्यांत दहातल्या आठांहून जास्त जणांच्या अंगात जॅकेट नसतं. पडल्यावर घालू, असं म्हणणाऱ्याने पोहण्याच्या तलावात एकदा करून पाहावं.

पुण्याहून आलेल्या आई साडीवर ते जाडजूड नारिंगी प्रकरण घालायला तयार होणार नाहीत. त्यांना फुगणारं पट्ट्याचं जॅकेट घ्या, पाण्यात पडताच आपोआप फुगणारं. सोळा वर्षांवरच्यांसाठी ते असतं, पदरावरून नीट बसतं, आणि फोटोत फारसं दिसत नाही. कॅप्टनने स्वतः आधी घालावं. तुम्ही उघड्या छातीने सुकाणू धरून उभे असाल तर तुमचं कोण ऐकणार?

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांनी जॅकेट घालणं सक्तीचं झालं. त्याआधीही त्या फेऱ्यांवर जॅकेटं होतीच. घारापुरीला आपण सगळेच कधी ना कधी गेलेलो आहोत. आपण घातलं होतं का, ते आठवून बघा.

आणि एप्रिलबद्दल. पहिला उबदार शनिवार येतो, हवा पंचाहत्तर फॅरनहाइट, टी-शर्टात घाम येतो, आणि पाणी अजून पन्नासच्या आसपास असतं. त्या पाण्यात पडलेला माणूस पहिला श्वास न ठरवता घेतो, आणि तो पाण्याखाली घेतला गेला तर पट्टीचा पोहणाराही संपतो. उपसागराचं कॅलेंडर हवेच्या मागून, रेंगाळत चालतं.

रॅम्प

बे ब्रिजच्या अलीकडे सँडी पॉइंट स्टेट पार्क आहे. तिथल्या सार्वजनिक रॅम्पवर उजाडता जा. उन्हाळ्यातल्या शनिवारी नऊला गेलात तर मागे गाड्यांची रांग लागलेली असेल, प्रत्येक खिडकीबाहेर एक कोपर, आणि सगळ्यांना तुमच्यात रस.

रॅम्पवर उभं राहून तयारी करायची नसते. मागचे पट्टे सोडणं, दोर बांधणं, फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या उशा) काढणं, डबे चढवणं हे सगळं बाजूच्या पार्किंगमध्ये. पुढचा विंचचा पट्टा तेवढा राहू द्या. तो होडी पाण्यात गेल्यावरच सोडतात. आधी सोडणाऱ्यांची होडी उतारावरच ट्रेलरवरून निघते आणि काँक्रीटवर बसते. मागची मंडळी मग गाडीतून उतरून बघायला येतात.

तयारीत एक वस्तू बाकी सगळ्यांना पुरून उरते: बूच. मागच्या फळीत, अगदी तळाशी, एक भोक असतं. होडी ट्रेलरवर असताना साचलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं. होडी पाण्यात असताना उपसागर त्यातून आत येतो. पितळी बूच, चार-पाच आटे, आधी दोन बोटांनी फिरवायचं, शेवटी पान्याने जरासं आवळायचं. ते भोक अशा जागी असतं की बघायला ओल्या डांबरावर गुडघा टेकावा लागतो. गुडघा टेका. ‘बूच लावलंस का रे?’ असं मुलाला ओरडून विचारू नका. तो ‘हो’ म्हणेल. पाण्यात गेल्यावर मागची बाजू जड वाटू लागली आणि तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप थांबायचं नाव घेईना, तर ऐटीत पुढे न जाता होडी तशीच ट्रेलरवर परत घ्या. लोकांना कारण कळेल. त्यांच्यातल्या अर्ध्यांनी हेच केलेलं असतं.

ट्रेलर मागे घेण्याची युक्ती एकच. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. मग हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलर जातो. थोडं फिरवा, थांबा, आरशात बघा. तिरका झाला की हट्ट करू नका, पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा. हे शिकायला शाळेमागचं पार्किंग रविवारी सकाळी रिकामं मिळतं. देवळाचं मिळत नाही. रॅम्पवर मात्र कुणीतरी परोपकारी हात हलवत ‘कम ऑन, कम ऑन’ करतोच. त्याच्याकडे बघू नये. तो कुठल्या आरशात बघतोय ते आपल्याला माहीत नसतं.

पेट्रोल भरताना सगळ्यांना धक्क्यावर उतरवा. टाकीचं तोंड कुठलं आणि मासे धरायचा गळ खोचायचं भोक कुठलं, हे आधी बघून ठेवा, कारण भोकात पेट्रोल ओतणारे दर उन्हाळ्यात निघतात आणि ते सरळ होडीच्या पोटात जातं. इंजिन आत बसवलेलं असेल तर सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खणातली वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवा आणि झाकण उघडून नाकाने वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि किल्लीची वाट बघते. चार मिनिटं फार वाटली तर आरती म्हणा, बरोबर बसते.

पाण्यावर

निघताच इंजिनाचा आपत्कालीन दोर मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. लाल वेटोळ्यांचा असतो. तुम्ही फेकले गेलात तर तो निसटतो आणि इंजिन बंद पडतं. १ एप्रिल २०२१पासून सव्वीस फुटांच्या आतल्या होड्यांवर वेगात असताना तो लावणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. नाही लावला तर कॅप्टन गेलेली होडी गोल फिरू लागते आणि त्याच जागी परत येते, जिथे तुम्ही असता.

खुणांबद्दल. समुद्राकडून बंदरात येताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या, हिरव्या डाव्या. आमचे मालवणचे मामा एका उन्हाळ्यात इथे आले होते. सगळा जन्म खाडीत आणि समुद्रात गेलेला. त्यांनी सेव्हर्नच्या तोंडाशी येताच माझं मनगट धरलं: ‘रे झिला, लाल डाव्या हाताक!’ त्यांचं बरोबर होतं, फक्त मालवणात. जगाचे यासाठी दोन भाग केलेले आहेत. भारत एकात येतो, दोन्ही अमेरिका खंड दुसऱ्यात, आणि दोघांत लाल-हिरवं उलट. मामांनी ते ऐकून घेतलं, पण दिवसभर प्रत्येक लाल त्रिकोणाकडे संशयाने बघत राहिले. एका त्रिकोणावर ऑस्प्रेने, म्हणजे मासे धरणाऱ्या मोठ्या घारीसारख्या पक्ष्याने, काटक्यांचं घरटं केलं होतं. आत दोन पिल्लं. ‘ह्यांका तरी कळता मा खयची बाजू ती?’ मामा म्हणाले.

भरती-ओहोटीची इथली गोष्टही वेगळी. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढतं. गाळात रुतलेली होडी सहा तासांत उचलली जाते, तोवर तांडेल झोप काढतो. अ‍ॅनापोलिसला फरक जेमतेम फूटभर. त्यापेक्षा वाऱ्याचं चालतं: वायव्येचा जोरदार वारा दोन दिवस वाहिला की उपसागराचं पाणी दक्षिणेकडे लोटलं जातं आणि कालच्या वाटेवर आज चिखल निघतो. हा उपसागर दिसतो अफाट आणि आहे उथळ, सरासरी खोली एकवीस फूट. थॉमस पॉइंटचं षटकोनी दीपगृह १८७५चं. लोखंडी खांबांवर उभं असलेलं पांढरं घर, लाल छप्पर. त्याचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. बाहेरच्या बाजूने काढा. दीपगृह आणि किनारा यांच्यामधून जवळची वाट आहे असं वाटतं; पण ती वाट असती तर तिथे दीपगृह कशाला बांधलं असतं? रुतलातच तर इंजिन जोरात फिरवून चिखल ढवळू नका. बंद करा, वर उचला, माणसांना दुसऱ्या टोकाला सरकवा, वल्ह्याने मागे ढकला. नाही निघाली तर टो. लाज वाटू लागली तर वर बघा, म्हणजे आपल्याकडे कोण बघतंय ते दिसणार नाही.

उजवीकडून आडवा येणाऱ्याला आधी जाऊ द्या. शिडाच्या होडीला वाट द्या. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी इथे शिडांच्या शर्यती असतात. त्या वेळी बाहेर पडू नका, तुम्ही कुठेही थांबलात तरी कुणाच्या तरी मध्ये असाल. बाल्टिमोरला जाणारी जहाजं अरुंद खोल मार्गातूनच जाऊ शकतात, आणि त्यांच्यासमोर हक्क सांगायचा नसतो. दुरून ती उभी असल्यासारखी वाटतात. उभी नसतात. जहाज चालवणाऱ्या पायलटला नाळेखालची बरीच जागा दिसतच नाही, आणि दिसली तरी ते थांबवायला मैलाच्या हिशेबात अंतर लागतं.

भोंग्याची भाषा थोडी यावी. तीन छोटे म्हणजे मी मागे घेतोय. स्पा क्रीकचा पूल उघडायला एक लांब, एक छोटा. आणि पाच छोटे, ज्याचा अर्थ नियमांच्या पुस्तकात जवळजवळ असाच दिलेला आहे: तुमचं काय चाललंय ते मला समजत नाही. पृथ्वीवरच्या सगळ्या नियमावल्यांत इतकं प्रांजळ कलम दुसरं नसेल. नवशिक्याला ते वारंवार ऐकू येतं. त्याने हसून हात हलवू नये. वेग उतरवावा, आपलं काय चाललंय ते ठरवावं आणि मग ते सगळ्यांना दिसेल असं, ठळक वळण घेऊन करावं.

पोहायला उतरणार असाल तर इंजिन बंद, किल्ली खिशात. जुलै-ऑगस्टमध्ये जेलीफिश डसतात. मरीनात धक्क्याजवळ कधीच पोहू नका. बोटींना किनाऱ्यावरून वीज जोडलेली असते आणि सदोष वायरिंगची गळती पाण्यात उतरते. बिअर पाहुण्यांनी प्यावी. चालवणाऱ्याला मर्यादा गाडीसारखीच ०.०८, पण ऊन, लाटा आणि इंजिनाची थरथर यांनी दोन बाटल्यांचं काम एक करते.

ईगो अ‍ॅली

अ‍ॅनापोलिसच्या सिटी डॉकमध्ये पाण्याचं एक अरुंद बोळकंड गावात शिरतं. नाव ईगो अ‍ॅली, अहंकाराची गल्ली. नाव नकाशावर नाही, पण गावात दुसरं कुणी काही म्हणत नाही. श्रीमंतांनी बोट दाखवायला आत यायचं, टोकाला वळायचं आणि परत जायचं. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर लोक आइस्क्रीम घेऊन बसलेले असतात. कुणी आपटतो का, हे बघायलाच बसलेले असतात. शेवटच्या टोकाला लेखक अ‍ॅलेक्स हेली यांचा ब्राँझचा पुतळा आहे, मांडीवर पुस्तक, समोर तीन मुलं. त्यांच्या ‘रूट्स’मधला कुंटा किंटे १७६७मध्ये याच बंदरात गुलाम म्हणून उतरवला गेला. तिथे वळताना होडीचं काय होतंय याची चिंता जरा कमी होते, व्हायला हवी.

आत शिरण्यापूर्वी चॅनल १७वर हार्बरमास्टरला विचारा, जागा आहे का, कुठली, कुठल्या बाजूला लावायची. मग बाहेरच थांबून फेंडर लटकवा, पुढचा आणि मागचा दोर बांधून मोकळ्या टोकांची वेटोळी हाताशी ठेवा. कुठला दोर कोण देणार ते नावानिशी ठरवा. आणि शब्दही ठरवा. नाहीतर हे होतं:

‘अगं, सोड!’

‘काय सोडू?’

‘दोर गं!’

‘सोडला.’

‘आमच्या बाजूने सोडलास?’

हा संवाद पूर्ण आइस्क्रीम संपेपर्यंत चालतो, आणि मराठीत असला तरी कठड्यावर बसलेल्या प्रत्येकाला समजतो.

वाऱ्याच्या तोंडावर या, म्हणजे तो ब्रेकचं काम करतो. होडीला दुसरा ब्रेक नसतो. वळताना पुढचं टोक एकीकडे जातं तसा मागचा भाग दुसरीकडे फेकला जातो, गर्दीच्या पीएमटीत पाठीवरची सॅक घेऊन वळणाऱ्या माणसाचं होतं तसं. म्हणून वळण सुकाणूच्या चाकापासून नव्हे, मागच्या कोपऱ्यापासून मोजा. गिअर घाला, लगेच न्यूट्रल, पुन्हा घाला, पुन्हा न्यूट्रल. सरकत सरकत. वाऱ्याने बाजूला नेलं की जोर लावून सरळ करायचा मोह होतो. तो मोह ईगो अ‍ॅलीतल्या बहुतेक ओरखड्यांच्या मुळाशी आहे. बाहेर जा, गोल फिरा, पुन्हा या. तीनदा फिरून आलेल्या कॅप्टनला कुणी लक्षात ठेवत नाही. आपटलेल्याचा व्हिडिओ असतो.

कुणीही धक्क्यावर उडी मारायची नाही. होडी आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय घालून थांबवायचं नाही. चार हजार पौंडांना घोटा अडवू शकत नाही. फेंडर त्यासाठीच असतो, आणि फेंडर नसला तर ओरखडा पडू द्या, रंग मिळतो. धक्क्यावरचा कुणी दोर घ्यायला हात पुढे करेल. देताना सांगा की खुंटीला एक वेढा घालून नुसता धरा, ओढू नका. सांगितलं नाही तर तो प्रेमाने ओढतो आणि पुढचं टोक भिंतीवर नेऊन ठेवतो. मामांनी आमचा दोर स्वतः घेतला होता. बुडाशी एक पूर्ण वेढा, मग आठ, मग उलटा फास, तीन हालचाली, नजर दुसरीकडेच. फोटो काढायला उभ्या असलेल्या भाच्याला तेवढं म्हणाले, ‘आदी बांद, मगे फोटो काड.’

बांधून झालं की इंजिन बंद करा. आधी नाही. आणि मग पळत स्वच्छतागृहाकडे जा, कारण आपल्या होडीत ती सोय नाही आणि आईंना कधीपासून जायचंय हे त्यांनी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

परत फिरणं

जून ते ऑगस्ट दुपारच्या सुमाराला पश्चिमेकडून वादळं येतात. सकाळी आकाश निरभ्र असतं. दोनला फुलकोबीचे ढग, तीनला खाली काळी पट्टी, आणि मग वारा एकदम गार होतो. तो गार झाला की गप्पा थांबवा. त्याआधी थांबवल्या तर फार उत्तम: निघताना हवामानाचा चॅनल ऐका, पश्चिमेकडे अधूनमधून बघत राहा, आणि कुठून कुठे जाणार, कधी परत येणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवा. पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुमची होडी असते आणि विजेला तेवढं कळतं.

यातला अवघड भाग हवामानाचा नाही. व्हर्जिनियाहून दीड तास गाडी चालवून दोन कुटुंबं आली आहेत. मुलांनी पोहण्याचे कपडे घरूनच घातले आहेत. वहिनींनी पहाटे उठून पुऱ्या तळल्या आहेत. ‘अहो, आभाळ तर स्वच्छ दिसतंय,’ असं कुणीतरी म्हणतं, आणि ते खरंही असतं. तुम्ही रेडिओवर इशारा ऐकलेला आहे. सगळे तुमच्याकडे बघताहेत.

आज जमणार नाही, असं सांगा. कारण एकदा सांगा, तीनदा नको. पार्कात पिकनिकची टेबलं आहेत, पुऱ्या तिथे उघडा. पाऊस आला तर गाडीत बसून खा. होडी ट्रेलरवरच राहू दे. मुलांना तिच्यात चढू द्या, सुकाणू फिरवू द्या, जॅकेटं घालून फोटो काढू द्या, भोंगा वाजवू द्या. पाच छोटे तेवढे नकोत. रॅम्पवरचा माणूस आधीच गोंधळलेला असतो.